हिचं मत, न्यू जर्सीतलं

१९८४ साल. मी छप्पन वर्षांचा होतो आणि या देशाच्या अध्यक्षासाठी पहिल्यांदाच मत देणार होतो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. नागरिकत्वाच्या परीक्षेला लागेल तेवढं इंग्रजी घोकून पास झालो होतो. त्यामुळे कुणी काही शिकवायला आलं की माझं डोकं फिरायचं.

खरी हौस होती बायकोला. त्या वर्षी उपाध्यक्षपदासाठी एक बाई उभी होती. तिला टीव्हीवर पाहिल्यापासून ही म्हणायची, एवढी वर चढलीय, एक हात माझाही लागू दे. मुलगी कॉलेजातून आली की दोघी फ्रिजवरची नमुना मतपत्रिका काढून बसायच्या. कोणती ओळ, कोणता खटका, सगळं हिला तोंडपाठ झालं. मुलगी मलाही म्हणाली, बाबा, जस्ट वन्स प्रॅक्टिस करा ना. मी म्हणालो, तुझ्या जन्माआधीपासून शिक्के मारतोय मी.

मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. मी पुढे, ही मागे. मशीन कपाटाएवढं. लाल दांडा ओढला तसा पाठीमागे पडदा बंद झाला. समोर नावंच नावं, प्रत्येकापुढे इवलासा खटका. चिन्ह एकही नाही. एकेक अक्षर लावत बसलो तर रांगेतले लोक काय म्हणतील? एकही खटका न दाबता दांडा परत ओढला नि मत दिल्याच्या ऐटीत बाहेर आलो.

"अहो, जमलं?" हिने हळूच विचारलं.

तिथेच खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "न जमायला काय झालं? लाल दांडा इकडे ओढायचा, तिकडे ओढायचा. संपलं. तुमचं ते खटक्यांचं काही नसतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली. दांड्याचा आवाज दोनदा आला. मध्ये एकही खटका वाजला नाही.

रात्री टीव्हीवर कळलं, ती बाई हरली, आमचं राज्यही समोरच्या पक्षाकडे गेलं. ॲटलीस्ट आईने तिला व्होट केलं, असं मुलगी म्हणाली. ही पोळ्या लाटत राहिली. मुलगी वर गेल्यावर मी विचारलं, तुला तर सगळं येत होतं, मग?

"खटका वाजला असता," ती म्हणाली. "तुम्ही बाहेरच उभे होतात. मला जमलं नि तुम्हाला नाही, असं झालं असतं तर मुलीपुढे तुमचं काय राहिलं असतं?"

आमच्या दोन मतांनी राज्य काही पालटलं नसतं, हे मला कळतं. पण पुढच्या निवडणुकीला ही नव्हती. या देशात तिला तेवढी एकच संधी मिळाली, आणि ती मी घालवली. चुकलो, एवढं एक वाक्य तिला कधी म्हणालो नाही.

त्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ही उठायच्या आत फ्रिजवरचा तो कागद काढला, डब्याच्या पिशवीत घातला आणि फॅक्टरीत पहिल्या सुट्टीत एकटाच कोपऱ्यात बसून, बोट ठेवत, त्या बाईचं नाव वाचलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.