सोमवारची भोवळ

तुमची चुलत बहीण तुम्हाला फोन करून माझ्याविरुद्ध बरंच सांगेल. म्हणून काय घडलं ते आधी मीच लिहिते.

सोमवारी बॉक्सिंगच्या सरावात तिच्या कानशिलावर ठोसा बसला आणि ती रिंगणात बेशुद्ध होऊन आडवी झाली, हे तिच्याबरोबरच्या मुलींनी मला नंतर सांगितलं. तिचा कोच तिला स्कूटरवरून घरी घेऊन आला. "काय न्हाय आजी, भोवळ आली. सोमवारचा उपास हाय की तिचा."

उपवास! दोन वर्षांपूर्वी ह्याच माणसाने तिला तो सोडायला लावला होता. आणि त्या सकाळी दोन भाकऱ्या आणि शेंगाचटणी मीच तिला वाढली होती.

मी तिला विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही. उपवास आहे ना."

ती खोटं बोलत नव्हती. तिला सकाळ आठवतच नव्हती. कोचने सांगितलेला उपवासच तिला खरा वाटत होता.

बुधवारी तोच माणूस राज्य स्पर्धेचा फॉर्म घेऊन आला. फॉर्म इंग्रजीत, म्हणून सुनेने माझ्यापुढे ठेवला. गेल्या महिन्यात कधी शुद्ध हरपली का, असा एक प्रश्न होता.

"तितं नो लिवा," कोच म्हणाला.

"मुलगी बेशुद्ध पडली होती."

"पडत्यातच की! बॉक्सिंग हाय आजी, भोंडला न्हाय."

मी शाईने 'येस' लिहिलं. तो हसला. "लिवा लिवा. दुसरा फॉर्म आणतो."

फॉर्मच्या तळाशी स्पर्धेच्या डॉक्टरांचा नंबर छापलेला होता. त्याच्या देखत मी तो लावला आणि सगळं सांगितलं, भाकरीसकट. डॉक्टरांनी तपासणी होईपर्यंत तिला खेळायला मनाई केली.

"आई, पोरीचं वाटोळं केलंत," सून म्हणाली. कोच तर जिन्यावरून ओरडत गेला, "शिकल्याली म्हातारी लई वाईट!"

आणि पोर? "तू जळतेस माझ्यावर. जन्मभर नुसती पुस्तकं वाचलीस, जिंकलंस काय?"

मी म्हटलं, "काही नाही. पण काल काय जेवले ते मला आठवतं."

ते बोलायला नको होतं. तिचा चेहरा पडला, आणि मी खूश झाले, हेही लिहून ठेवते. तिच्याबरोबरच्या मुली काल स्पर्धेला गेल्या. ही खोलीत कडी लावून बसली आहे. डोकं अजून दुखतं, असं आईला सांगते, मला नाही. तुमच्याकडे रडली तर ऐकून घ्या. पण तिची बाजू घेऊन मला फोन करू नका.