बातमीदाराचं नाव सांगतो

ती घटना विसरून जा, असं खात्यातल्या दोघातिघांनी मला सांगून झालं आहे. "आता कशाला उकरतोस? निवृत्त झालास, सुखाने राहा." मी मुदतीआधीच नोकरी सोडली ती सुखाने राहण्यासाठी नव्हे. आज मी कुणाच्या हाताखाली नाही. म्हणून लिहितो. राग येईल त्याला येऊ दे.

तेव्हा मी गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदाराला इस्पितळातून फोन आला, डिलाईल रोडच्या एका चाळीतल्या बाईंना डोळ्याला मार लागून आणलं आहे. हवालदाराला घेऊन मी निघालो. बाई पन्नाशीच्या, मूळच्या मालवणकडच्या, घरी ब्लाउज शिवणाऱ्या. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उजेडाला बसून हुक लावत होत्या. काहीतरी येऊन उजव्या डोळ्यात घुसलं. डॉक्टरांनी काढून ट्रेमध्ये ठेवलं होतं. शिशाची इवलीशी गोळी, मधे कंबर आवळलेली, डमरूसारखी. एअर रायफलची. डोळा वाचण्यातला नव्हता.

चाळीत जाऊन जबाब घेतले. सगळ्यांचं म्हणणं एकच.

"आवाज खंयचो, सायेब?" शेजारीण म्हणाली. "तिची किंकाळी, तितकोच आवाज."

"दिवाळीतली लवंगी पण ऐकू येते आम्हाला," एक म्हातारे म्हणाले. "बंदूक नसती आली ऐकू?"

वरिष्ठांनी यातून आपला निष्कर्ष काढला. आवाज नाही म्हणजे गोळी लांबून आली. लांब म्हणजे नवे टॉवर. तिथल्या खिडक्या कोण मोजत बसणार? "पोरांनी बेचकीतून छर्रा मारला असेल. बाईंचा तसा जबाब घे, मिटवून टाक."

मी इस्पितळात जबाब लिहून नेला. हवालदाराने वाचून दाखवला. बाईंच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसरा माझ्यावर रोखलेला.

"चाळीतल्या पोरांनीच मला उचलून टॅक्सीत घातलं. त्यांचं नाव घालता?"

"मावशी, तसं नाव नाही कुणाचं. अज्ञात मुलं, एवढंच."

"सही नाय करणार. माझा डोळा गेलाय, अक्कल नाय गेली. मारणारा कोण ते लिहून आणा, मग बघू."

हवालदार बाहेर आल्यावर म्हणाला, "साहेब, बाई खमकी आहे. ही केस अशी नाही मिटायची."

ठाण्यात गोळी सीलबंद करण्याआधी मी ती भिंगाखाली धरली. एका बाजूला तिरकी खरवड होती. तशा खरवडलेल्या गोळ्या मी आधी पाहिल्या होत्या. सरावाच्या फळीतून उपटलेल्या, माझ्या स्वतःच्या.

दादरजवळच्या पोलीस वसाहतीत माझं क्वार्टर होतं. कबुतरांनी उच्छाद मांडला होता. मी एअर रायफल घेतली. शेजारीपाजारी सगळे पोलीस. आवाज झाला तर सगळ्या वसाहतीत शोभा. म्हणून तोंडाला लावायची आवाज दाबणारी नळी शोधायला लागलो. शौकीन लोक तिला मॉडरेटर म्हणतात. पोलिसाने ती बाळगणं नियमाला धरून नव्हतं. मला ते ठाऊक होतं, तरी घेतली. ज्या शौकिनाकडून घेतली त्याने बजावलं होतं, "आधी सरळ बसते का बघा, मग वजन बघा. आवाज सगळ्यात शेवटी." मी एकच प्रश्न विचारला, "शेजारी ऐकू जाईल का?" आणि सगळ्यात जाडजूड होती ती उचलली. ती बसली केसभर वाकडी. अशी नळी गोळीला आतून घासते आणि गोळी वाट सोडते. माझी डावीकडे जायची. मी नेम जरा उजवीकडे धरायला शिकलो आणि चालू ठेवलं.

तेव्हा मला जे कळलं ते वरिष्ठांना कळणं शक्यच नव्हतं. आवाज दबलेला होता म्हणून ऐकू आला नाही. त्यासाठी माणूस लांब असायची गरज नाही. तो जवळच होता, नेम दुसरीकडे होता, आणि त्याने नळी माझ्यासारखीच निवडली होती.

"खास बातमीदाराकडून कळलंय," मी वरिष्ठांना सांगितलं. "रायफल समोरच्याच इमारतीत आहे."

"कोण बातमीदार?"

"नाव नाही सांगता येणार, सर."

आमच्या खात्यात याच्या पलीकडे कुणी विचारत नाही.

चाळीच्या गॅलरीत, बाईंच्याच स्टुलावर बसून मी समोर पाहत राहिलो. गल्लीपलीकडे नवी इमारत. प्रत्येक खिडकीला कबुतरांची जाळी. जाळी नाही तिथे विष्ठेचे थर. एकाच खिडकीला जाळीही नव्हती आणि सज्जाही लख्ख होता.

घर एका बँकेतल्या गृहस्थांचं निघालं. बायको आजारी, फुप्फुसं कबुतरांनी खराब केली असं डॉक्टरांचं मत. आतल्या खोलीतून ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. रायफल त्यांनी स्वतःच कपाटावरून काढून दिली. नळी नव्हती.

"परवाना लागत नाही हिला," ते म्हणाले. "आणि वाजते केवढी! गोळी माझी असती तर अख्ख्या चाळीला कळलं असतं ना, साहेब?"

चौकशीसाठी ठाण्यात आणलं. चहा दिला. माणूस सभ्य, उत्तरं नेटकी, कुठे अडखळणं नाही. अशा माणसावर आवाज चढवून काही होत नाही. तो आणखी सभ्य होतो. मी हवालदाराला पेन खाली ठेवायला सांगितलं.

"माझ्याकडे पण आहे," मी म्हणालो.

"काय?"

"रायफल. कबुतरांसाठीच. नळी पण घेतली. जाडी बघून भुललो हो. पार डावीकडे ओढते."

त्यांचा चेहरा उजळला. जन्माचा समदुःखी भेटावा तसा.

"डावीकडे? माझी उजवीकडे, आणि खाली! दोनदा आवळून बघि—"

आणि थांबले. हवालदार त्यांच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"सगळी कबुतरं चाळीच्या पन्हळीवर बसतात हो," चहाचा कप बाजूला सारून ते म्हणाले. "बायकोला रात्रभर श्वास लागतो. मी पन्हळीवरच धरला होता नेम. बाई खाली गॅलरीत बसल्यात ते दिसलंच नाही."

पंचांसमोर त्यांनी निवेदन दिलं आणि माळ्यावरच्या खोक्यातून नळी काढून दिली. प्रयोगशाळेत तिच्या आत एका बाजूला शिशाचा माग मिळाला. मग मी नवा जबाब घेऊन बाईंकडे गेलो. तो त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि सही केली.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी मला धरलं. "अशी नळी असणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"खास बातमीदाराने सांगितलं."

"त्याचं नाव?"

"सांगायला मी बांधील नाही."

कायदा पोलिसाला तेवढं झाकायची मुभा देतो. ती बातमीदाराच्या जिवासाठी आहे. मी ती माझ्या नोकरीसाठी वापरली. तो बातमीदार मी होतो. झालं, सांगितलं नाव.

काही जण म्हणतील, तू कोर्टात लपवलंस. लपवलं. शिक्षा नळीवर झाली, बातमीवर नाही, पण लपवलं हे खरंच. काही म्हणतील, चौकशीत आरोपीला गोड बोलून फसवलंस. त्यांना मात्र मी जुमानत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच बोलेन. चाळीतल्या पोरांच्या माथ्यावर केस मारायला निघालेल्यांनी मला नीती शिकवू नये.

मला बोचत होतं ते वेगळंच. बऱ्याच वर्षांनी, नोकरी सोडल्यावर, मी बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या मशीनवर बसल्या होत्या. मान वाकडी करून, एका डोळ्याने शिवण बघत. माझं संपेपर्यंत पाय थांबला नाही.

"त्या माणसाची गोळी माझ्या डोळ्यात सापडली," त्या म्हणाल्या. "तुमच्या खंय गेल्या?"

"कबुतरांना..."

"सगळ्यो?"

"नाही. काही डावीकडे गेल्या."

"मग हंयसर कशाक इलात? थंय जावा."

या केसने काय शिकवलं असं मला विचारतात. हेच शिकवलं. मी सगळी अक्कल आवाज दाबण्यात घातली, आणि डावीकडे गेलेली एकही गोळी कुठे पोचली ते पाहायला खिडकीतून वाकलो नाही. माझा पेशा गोळ्यांचा माग काढण्याचा.

मी गेलो. आमच्या तेव्हाच्या क्वार्टरच्या डाव्या अंगाला एक जुनी इमारत आहे, तिथे दारोदार विचारलं. बहुतेकांनी वेड्यात काढलं. दुसऱ्या मजल्यावर एक वयस्कर गृहस्थ आठवून म्हणाले, "काच फुटलेली एकदा, स्वयंपाकघराची. आमच्याच चिरंजीवांचा प्रताप. क्रिकेट! बॅट मोडून टाकली होती मी त्याची. खालचा खेळच बंद केला सगळ्या पोरांचा."

"ती काच मी फोडली," मी म्हणालो, आणि कशी ते सांगितलं.

मग आत वळून त्यांनी हाक मारली. टक्कल पडू लागलेला, ऑफिसचे कपडे घातलेला माणूस हातात डबा घेऊन बाहेर आला.

"हे साहेब काय म्हणतात ते ऐक."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो माझ्यावर रागावेल अशी माझी तयारी होती. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा," तो म्हणाला, "मी तेव्हा किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला?"