मासळीचे घड

प्रेझेंटेशनला सहा दिवस उरले होते आणि माझा पुरावा आईने तव्यावर टाकला होता.

पुरावा म्हणजे सुक्या बोंबलांच्या दोन पुड्या. एकीवर 'अ' लिहिलेलं, दुसरीवर 'ब'. 'अ'मधले बोंबील उघड्यावर वाळवलेले, 'ब'मधले सरकारने दिलेल्या सोलर ड्रायरमध्ये. सोमवारी दोन्ही पुड्या प्रयोगशाळेत द्यायच्या होत्या, म्हणून शनिवार-रविवारपुरत्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. करी रोडच्या आमच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि काय घडलंय ते मला नाकानेच कळलं.

"आई, ती सॅम्पलं होती," मी म्हणालो.

या टॉवरच्या जागी आमची चाळ होती. आईचं सगळं आयुष्य तिथे गेलं, पण मालवणी काही सुटली नाही. "दोन पुडये कित्याक केलंस?" ती म्हणाली. "दोन्हींत एकच बोंबील आसा. आणि दोन्हींत रेती लागता."

मी हसलो. प्रयोगशाळेत यंत्रं असतात, आईकडे फक्त दात, आणि त्यातलेही निम्मे दवाखान्यातले. पण एक बोंबील तोंडात टाकला आणि रेती कचकन दाताखाली आली. तो 'अ'मधला की 'ब'मधला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. सगळ्यांत रेती. काचेच्या बंद कपाटात वाळलेल्या मासळीला रेती लागतेच कशी, हा प्रश्न मला तव्यासमोर उभा असताना पडला.

मुळापासून सांगतो. मी राज्य सरकारात उपसचिव आहे. वर सह्या करणारे आणि खाली लिहिणारे यांच्यामध्ये बसून जो माणूस कागदावर 'सादर' असं लिहितो, तो मी. नोकरीची वीसेक वर्षं झाली की आमच्यातल्या काहींना वर्षभराच्या एका फेलोशिपला पाठवतात. विषय विज्ञान आणि तंत्रज्ञान धोरण. शास्त्रज्ञांना फाइल कळत नाही आणि फाइलवाल्यांना शास्त्र, म्हणून एखाद्या मधल्या वयाच्या अधिकाऱ्याला दोघांच्या मध्ये बसवायचं, अशी ती कल्पना. परळच्या एका संस्थेत वर्ग असतात. एक शास्त्रज्ञ गाइड म्हणून मिळतो. शेवटी एखाद्या सरकारी योजनेचा अभ्यास करून पॉलिसी ब्रीफ लिहायचं, म्हणजे मंत्र्यांचा चहा गार व्हायच्या आत वाचून होईल असं चार पानी टिपण, आणि ते समितीपुढे मांडायचं. समितीला पटलं तर ते खरोखरच अमलात येतं. धोका तिथेच असतो.

पहिल्या तीन महिन्यांत मी 'एव्हिडन्स', 'बेसलाइन' आणि 'कंट्रोल ग्रुप' हे तीन शब्द शिकलो आणि घरीही वापरू लागलो. यापेक्षा तुमची गडचिरोलीला बदली झाली असती तर बरं, असं बायकोचं मत पडलं.

माझे गाइड डॉक्टर परेरा. गिरगावातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे कॅथलिक, आणि मराठी आमच्यापेक्षा ठसकेबाज. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, तुमच्याकडे एखादी योजना फसली हे कळतं कसं? मी म्हणालो, कळत नाही, तिचं नाव बदलतं. तेव्हापासून आमचं जमलं.

मी निवडलेली योजना सोलर ड्रायरची. काचेचं मोठं कपाट, आत ट्रे, उन्हाने कपाट तापतं आणि मासळी लवकर वाळते. अकरा वर्षांपूर्वी आमच्याच खात्याने ती कपाटं कोळी बायकांना दिली होती. शिवडी ते कफ परेड या पट्ट्यातल्या एका कोळीवाड्यात त्यातली सोळा आहेत. कोळीवाड्याचं नाव सांगत नाही. तिथल्या बायका वाचतात आणि माझं ऑफिस त्यांना माहीत आहे.

सचिवसाहेबांना माझ्या अभ्यासात एकाएकी फार रस निर्माण झाला होता. कोळीवाड्याच्या कडेला एक मोकळं मैदान आहे. बायका पिढ्यानपिढ्या तिथे मासळी वाळवतात. ड्रायर चालतात असं सिद्ध झालं की मैदानाची गरज संपली. मग तिथे बाग, बाकडी आणि पार्किंग. माझ्या ब्रीफमध्ये ही तिसरी शिफारस असावी, असं साहेबांनी मला बोलावून सांगितलं. वर्ष संपल्यावर चांगलं पोस्टिंग बघू, असंही म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो. यंत्र आहे तर उघड्यावर मासळी कशाला, एवढाच माझा विचार.

पाहणीला जाण्याआधी मी सवयीने एक काम केलं. दौऱ्याचं पत्र पाठवलं. आमच्यात अधिकारी कुठेही निघाला की आधी हे पत्र जातं. अमुक दिवशी अमुक वाजता उपसचिव येत आहेत, यंत्रं चालू स्थितीत ठेवावीत. फेलोशिपमध्ये पुरावा कसा गोळा करावा यावर अख्खा आठवडा शिकवलं होतं, पण पत्र पाठवू नका असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच त्यांना वाटली नसणार.

गेलो तर सोळाच्या सोळा ड्रायर लखलखत होते. प्रत्येक ट्रेवर बोंबील ओळीने मांडलेले. महिला मंडळाच्या अध्यक्षा भारतीमावशी पुढे आल्या आणि हातात नारळ दिला. साठीच्या बाई, खणखणीत आवाज. सकाळी नऊला ओली मासळी आत ठेवली, त्या म्हणाल्या. मी अकरा वाजता ओलावा मोजायचं मीटर लावलं. बोंबील ठणठणीत कोरडे. बोंबील म्हणजे मुळात काट्याभोवती जमलेलं पाणी, आणि ते दोन तासांत वाळले होते. मी आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, एक ड्रायरमधली आणि एक मैदानावरची अशा दोन पुड्या भरून घेतल्या आणि डॉक्टर परेरांना फोन केला.

"दोन तासांत?" ते म्हणाले. "मग मलापन घाल त्यात. गुडघे तरी सुकतील."

मी विनोद समजून हसलो. ते हसत नव्हते, हे आईचे बोंबील खाल्ल्यावर लक्षात आलं.

मंगळवारी पत्र न पाठवता गेलो. सरकारी गाडी नेली नाही. पहिल्या ड्रायरमध्ये जाळी कोंबली होती. दुसऱ्यात हेल्मेट आणि छत्र्या. तिसऱ्यात पापड होते, म्हणजे निदान वाळवण तरी. एकाला कुलूप होतं आणि आत टीव्हीचं खोकं. शेवटच्या ड्रायरमध्ये मांजर व्याली होती. मी काच उघडली तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच दार लावून घेतलं.

मासळी होती ती मैदानावर. बांबू रोवून त्यांच्यात दोऱ्या ताणतात, त्याला वलांडी म्हणतात. जन्मभर बोंबील खाल्ले, पण ते वाळवतात कसे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. वारा चारी बाजूंनी लागतो, आणि वाऱ्याबरोबर मैदानातली रेतीही. भारतीमावशी भराभर जोड्या लावत होत्या. मला पाहून त्यांनी फक्त पदर खोचला.

ड्रायर का वापरत नाही, असं मी विचारलं.

"ट्रेवर बोंबील पसरला की वरून सुकतो आणि खालून चिकटतो," त्या म्हणाल्या. "उचलायला गेलं की हातात तुकडा येतो. तुकडा कोन घेनार? बोंबील टांगायचा असतो, सायेब. झोपवला की कुजतो."

"मग त्या दिवशी आत होते ते?"

"दोरीवरचे सुके काढून ठेवले. तुमीच पत्रात लिवलं ना, चालू ठेवा म्हनून. मानूस एवढा लांबून येतोय, त्याचा पचका कशाला करायचा?"

आधीच्या साहेबांच्या वेळीही त्यांनी हेच केलं होतं आणि त्याच्या आधीच्याही. अकरा वर्षं रेकॉर्डवर ड्रायर जोरात चालत होते ते याच पाहुणचारामुळे. मग मी त्यांना तिसरी शिफारस सांगितली. ती गोपनीय होती, सांगायला नको होती. पण त्या बाईसमोर उभं राहून गप्प बसणं मला जमेना.

मावशींचे हात थांबले.

"म्हंजे आमी तुमची लाज राखली," त्या म्हणाल्या, "आनि तुमी आमची वलांडी उपटनार."

मला लाज वाटली. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा तिथली घरं याच सुक्या मासळीवर चालतात. मैदान गेलं की ते सगळं गेलं, आणि ते घालवायला माझ्या वहीतल्या त्या दोन रेघा पुरेशा होत्या.

ट्रेची कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातली, ते शोधायला मी रेकॉर्ड रूममधून मूळ नस्ती मागवली. नस्ती म्हणजे फाइलच, फक्त धूळ जास्त. वाचायला लागलो आणि लक्षात आलं की हा मसुदा मुळात बेदाण्यांचा आहे. द्राक्षं वाळवायच्या कुठल्याशा योजनेचा कागद समोर ठेवून, जिथे 'द्राक्षे' होतं तिथे 'मासळी' केलं होतं. आमच्यात हे पाप नाही, पद्धत आहे. नवा मसुदा कोणी लिहीत नाही, मागचा काढतात आणि नावं बदलतात. परिच्छेद सातमध्ये वापराच्या सूचना होत्या : 'मासळीचे घड स्वच्छ पाण्याने धुऊन, देठ काढून, ट्रेमध्ये एका थरात पसरावेत.'

त्यावर पाच अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. घडाला आणि देठाला कोणीच हरकत घेतली नव्हती. सगळ्यात खाली मसुदा तयार करणाऱ्याची सही होती. ती माझी होती. मी तेव्हा कक्ष अधिकारी होतो, टेबलावर कागदांचा ढीग होता आणि साहेबांना मसुदा जेवणाच्या सुट्टीआधी हवा होता. मालवणी आईचा मुलगा, आणि बोंबलाला देठ लावून मोकळा झालो होतो.

डॉक्टर परेरांना सांगितलं की प्रयोग फसला. ते म्हणाले, फसला नाही, निकाल उलटा आला, आमच्यात त्याचाही पेपर होतो. आमच्यात त्याची विभागीय चौकशी होते, असं मी सांगितलं.

बुधवारी साहेबांकडे गेलो.

"ड्रायर वापरात आहेत असं आपल्या रेकॉर्डवर आहे," ते म्हणाले.

"ते रेकॉर्ड खोटं आहे, साहेब. आणि मूळ मसुदा माझा आहे."

"मग अडकणार कोण?"

"मीच."

साहेबांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. तब्येत बरी नसेल तर प्रेझेंटेशन पुढे ढकलू, म्हणाले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण मैदान एकदा खोदलं की माझी चूक दुरुस्त करायला जागाच उरणार नव्हती. संध्याकाळी मी भारतीमावशींना फोन केला आणि एक ट्रे ओल्या बोंबलांनी भरून ड्रायरमध्ये ठेवायला सांगितला. या वेळी खरोखरचा. मांजरीला उठवावं लागेल, त्या म्हणाल्या.

शुक्रवारी समिती बसली. एसी हॉल, पाण्याच्या छोट्या बाटल्या. मी पहिल्याच स्लाइडवर परिच्छेद सात दाखवला. अध्यक्षा निवृत्त शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी तो मोठ्याने वाचला, 'देठ काढून'पाशी थांबल्या आणि चष्मा काढून पुसला. सचिवसाहेब लगेच म्हणाले की ही मसुद्यातली किरकोळ चूक आहे, यंत्रात दोष नाही आणि मैदानाचा मुद्दा कायम आहे.

मग मी भारतीमावशींना आत बोलावलं. गेटवर वॉचमनने त्यांचा ट्रे न तपासताच सोडला होता. कारण आता हॉललाही कळलं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवून वरचा कागद काढला, आणि एसीने उरलेलं काम केलं.

"उचला, सायेब," त्या सचिवसाहेबांना म्हणाल्या. "एक सबंद बोंबील उचलून दाखवा. मैदान तुमचं."

सगळी समिती बघत होती, त्यामुळे साहेबांना हात घालावाच लागला. डोकं हातात आलं, धड ट्रेवरच राहिलं. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. मावशींनी पिशवीतून दोरीवर वाळलेली एक जोडी काढली आणि अध्यक्षांसमोर सरळ धरली. बहुतेकांनी श्वास धरला होता.

तिसरी शिफारस चहाच्या आधी वगळली गेली. चहा कोणी घेतला नाही. मैदान मासळी वाळवण्यासाठीच राहील असं इतिवृत्तात लिहून घेतलं. ड्रायरमध्ये ट्रेऐवजी दोऱ्या ताणायच्या ठरल्या. त्याचं डिझाइन परेरांचे विद्यार्थी करतायत, आणि मावशी त्यासाठी नेमलेल्या समितीत तांत्रिक सदस्य आहेत. बैठकीचं पत्र त्यांना आठ दिवस आधी जातं. त्या ते बाजूला ठेवतात आणि मनाला येईल तेव्हा येतात.

मला ज्ञापन आलं, मासळीच्या घडांबाबत सात दिवसांत खुलासा करावा म्हणून. केला. पोस्टिंगही मिळालं, रेकॉर्ड रूमचं. तिथे आता जुने मसुदे वाचत बसतो. आणखी बरेच देठ सापडले आहेत. नव्या फेलोंना शिकवायला संस्थेने एकदा बोलावलं, तेव्हा वर्षभरात शिकलेलं सगळं एका वाक्यात सांगितलं : पत्र पाठवून पाहणीला गेलात तर तुम्हाला तुमचं पत्रच बघायला मिळतं.

गेल्या महिन्यात मावशींनी घरी सुक्या बोंबलांची पुडी पाठवली. आईने ती उघडली, वास घेतला, तवा गॅसवर ठेवला आणि मग थांबून मला हाक मारली.

"ह्यो खावचो आसा," तिने विचारलं, "की पुरावो?"