फाट्यावरची डहाळी आणि होमपेज

मोबाइलच्या स्क्रीनवर तळवा आडवा ठेवायचा, वरचा चार बोटं भाग उघडा सोडायचा आणि विचारायचं, "म्याडम, एवढंच दिसलं तं का समजलं, सांगा?" ही त्यांची सवय. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माझ्यासारख्या बाईला त्याचा किती राग यावा!

बाळांनो, शाळेच्या सहलीत नागझिऱ्याच्या जंगलात जीपच्या पुढच्या सीटवरून मागे न पाहता "उजवीकडं. बोलू नका," म्हणणारे गाइड तुम्हाला आठवत असतील. तेच हे.

गावच्या गाइडांच्या समितीने वेबसाइट काढायचं ठरवलं आणि मजकुराचं काम माझ्याकडे दिलं. होमपेजसाठी मी तीन परिच्छेद लिहिले: हार्दिक स्वागत, वनराई, पक्षी. त्यांनी तळवा ठेवला. वर उरलं नुसतं स्वागत.

"मानूस गाडीत बसून पाहून राहिला. त्याले जंगलाचं गेट पायजे. तुमचं स्वागत कायले?"

मी चिडले. ते मला गावाबाहेरच्या फाट्यावर घेऊन गेले. तिथून डांबरी रस्ता सरळ जुन्या, बंद गेटकडे जातो. चालू गेट डावीकडच्या मातीच्या वाटेवर आहे. त्यांनी पळसाची डहाळी तोडून डांबरावर आडवी टाकली. जंगलात पुढे गेलेला माणूस मागच्यांसाठी असंच करतो: ही वाट नाही. थोड्या वेळाने एक जीप आली आणि ड्रायव्हरने काही न विचारता डावीकडे वळवली.

"पहिले हे सांगा. वाघ मंग."

मग त्यांच्या ओळी वर गेल्या. डांबरी रस्त्याने जाऊ नका. फाट्यावर डावीकडे वळा. गेट आज चालू की बंद. फोन नंबर. माझी वनराई तळाला. त्या हंगामात कुणी चुकलं नाही. समितीच्या अध्यक्षांना मात्र ते पान "सुनं सुनं" वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात आपले गाइड तापाने गेले. आठवडाभरात होमपेजवर त्यांचा हार घातलेला फोटो आला, "भावपूर्ण श्रद्धांजली", आणि खाली समितीच्या सगळ्यांचे हसरे चेहरे. चौकातला फ्लेक्सच जणू मोबाइलमध्ये टांगला. त्यांच्या ओळी या गर्दीच्या खाली गाडल्या गेल्या.

एप्रिलमध्ये मी गावाच्या तोंडाशीच असलेल्या त्यांच्या घरी बसले होते. भर दुपारी दारात गाडी थांबली. रायपूरचं कुटुंब बंद गेटवर तासभर उन्हात तापून परत आलं होतं. मागच्या सीटवर एक म्हातारी बेशुद्ध पडायच्या बेतात. मुलीने मोबाइल पुढे केला. "आंटी, गेट कहाँ है? सबसे ऊपर तो बस इन अंकल का फोटो है।"

त्यांच्या बायकोने आधी म्हातारीला पाणी पाजलं. मग मला म्हणाली, "काढा बाई, त्यायले तिथून. लोकं वाट चुकून राहिले."

मी तशीच अध्यक्षांकडे गेले; पान बदलणं त्यांच्या हातात होतं.

"श्रद्धांजली काढली तं लोक का म्हनतील, म्याडम?"

"लोक गेट कुठं आहे म्हणतात! तुमचे दात पाहायला येतात का लोक? त्यांनी आयुष्यभर वाट दाखवली, आणि तुम्ही त्यांनाच वाटेत आडवं घातलंत!"

"मीटिंगमंदी ठेवतो."

मीटिंग अजून झालेली नाही. फोटो तिथेच आहे. फाट्यावर मात्र त्या दिवसापासून रोज सकाळी डांबरावर ताजी डहाळी असते. ती त्यांची बायको टाकते. तिच्याकडे मोबाइल नाही.