चकचकीत पाईप

८ ऑगस्टला गाडी गॅरेजात नेणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी मला लसी घेऊन डोंगराळ आंदर मावळात लसीकरणाला जायचं होतं. बाया कडेवर पोरं घेऊन तासभर चालत येतात, आणि माझी गाडी चढाला लागली की बंद पडत होती.

तिथल्या मेकॅनिकने लावलेल्या वस्तूत कधी दोष नसतो. दोष दुसरीकडेच असतो, आणि तो सांगण्याआधी हा फडक्याला हात पुसतो.

दोन महिन्यांपूर्वी त्यानेच कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून भंगारात टाकला आणि त्याजागी इंजिनाला हवा देणारा बाजारातला चकचकीत पाईप बसवला.

बॉनेट उघडून त्याने हात पुसले. "पेट्रोलात भेसळ हाय, ताई." पुन्हा पुसले. "आन् चढ बी लय वाढलाय हिकडं."

"डोंगर वाढला?" म्हणत मी पाईपच्या वळणावर पडलेल्या फटीत बोट घातलं. ते आरपार गेलं.

तो बोटाकडे बघत राहिला. "पार्ट चांगलाच हाय. तुमच्या गाडीला मानवला न्हाई."

मग त्याने त्याच मॉडेलच्या स्वतःच्या गाडीचा डबा काढून माझ्या गाडीत बसवला. "आमची उभीच असती," म्हणाला. रोज तो त्याच गाडीने सहा किलोमीटर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लसींची पेटी मागे ठेवून मी वाट वाकडी करून त्याच्या गावच्या फाट्यावर गेले. तो चालत निघाला होता. त्याला गाडीत घेतलं आणि गॅरेज येईपर्यंत फक्त भातलावणीबद्दल बोलले.