पहिली डिस्क कोणती?

काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. बूट करता येत नाही, सिस्टिम डिस्क घाला. मॉनिटरवर सुकत आलेला झेंडूचा हार, सीपीयूच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं. दसऱ्याचा दुसरा दिवस होता.

"लगू मुगस्री हो," इनामदार वकील कानडीत म्हणाले आणि लगेच मराठीवर आले. "लवकर आटपा. चारच्या आत मला नोटीस छापून पोस्टात टाकायचीय."

"आधी तो हार काढा. मॉनिटर तापतो," मी म्हणालो. खरं तर तापलो होतो मीच.

सन दोन हजारनंतरची एक-दोन वर्षं. हुबळीत देशपांडे नगरात कंप्युटरचं एक दुकान होतं, तिथं मी हार्डवेअर इंजिनियर होतो. आमच्या धंद्यात खंडेनवमीनंतरचे दोन दिवस फार वाईट. आमच्याकडे त्या दिवशी पोटाला घालणाऱ्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. ट्रक, शिलाई मशीन, तराजू, आणि घरोघर कंप्युटर आल्यापासून कंप्युटरसुद्धा. कुणी कीबोर्डवर अक्षता टाकतो आणि मग बटणं दबत नाहीत. कुणी सीपीयूवरच नारळ फोडतो. इनामदारांचं विद्यानगरातलं घर त्या दिवशीचं माझं तिसरं. पुढं अजून पाच घरं फोन करून करून दुकानाचा जीव खात होती.

हे मशीन माझ्या ओळखीचं होतं. वर्षापूर्वी मीच त्यात दुसरी हार्डडिस्क बसवली होती, इनामदार मॅडमसाठी. मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पीएचडी करत होत्या. त्यांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिनक्सवर चालायचा. वकिलांना आणि मुलाला विंडोज पाहिजे. म्हणून पहिल्या डिस्कवर विंडोज, दुसरीवर लिनक्स. सुरुवातीला एक छोटा प्रोग्रॅम विचारायचा, कुठं जायचं? विंडोज म्हटलं की विंडोज, लिनक्स म्हटलं की लिनक्स. हा विचारणारा द्वारपाल पहिल्या डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला असतो. तो गेला की दोन्ही घरं बंद.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण सगळं पुढचं तिच्यावर आहे. त्या काळच्या मशीनला डिस्क नावानं कळत नव्हती. जी पहिल्या वायरला जोडली ती पहिली, जी दुसऱ्या वायरला ती दुसरी. बस्स.

मी बूट फ्लॉपी घातली. द्वारपालाची जागा दुरुस्त करायची एक नेहमीची कमांड असते, ती दिली. परत चालू केलं. नाही. परत दिली. नाही. इकडं वकील दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतायत आणि मोठ्यानं सुस्कारे टाकतायत.

"काय झालंय काय नेमकं?"

"विंडोज गेलंय. लाइट येते-जाते ना, असं होतं." हे मी सगळ्यांनाच सांगायचो. लोकांना पटायचं.

"मग?"

"परत टाकतो. वीस मिनिटांत होतं." आमच्याकडे एक सीडी होती. तिच्यात आख्ख्या विंडोजची तयार प्रत. ती पहिल्या डिस्कवर ओतायची, की मशीन नव्यासारखं. विंडोज रीतसर टाकायला दीड तास लागतो, एवढा वेळ कुणाकडे होता?

तरी मी विचारलं हं. नाही विचारलं असं नाही. "विंडोजमध्ये तुमचं काही ठेवलंय का? सगळं पुसणार."

"काही नाही. माझं सगळं फ्लॉपीत आहे. पण हिचं हो? तिचं ते पीएचडीचं?"

"ते दुसऱ्या डिस्कवर. तिला मी हातच लावत नाही."

किती ठासून म्हणालो! आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. सीडी घातली, पहिली डिस्क निवडली, आणि वकिलांच्या घरचा चहा निवांत प्यालो.

विंडोज आलं. वकील खूश. नोटीस टाइप करायला बसणार एवढ्यात मी सवयीनं 'माय कंप्युटर' उघडून बघितलं. सी होता. आणि खाली डी पण होता.

डी कुठून आला? लिनक्सची डिस्क विंडोजला दिसत नाही. दिसायलाच नको. मी डी उघडला. आत मुलाचे गेम. वकिलांच्या जुन्या नोटिसा. विंडोजचा जुना फोल्डर, जसाच्या तसा, एकही फाइल न हललेली. विंडोज गेलंच नव्हतं. ते बिचारं दुसऱ्या वायरवर सुखात बसलं होतं.

म्हणजे मी ओतलं होतं ते मॅडमच्या डिस्कवर. मशीन बंद करायची रीत सोडून मी सरळ भिंतीवरचा स्विच दाबला.

"अहो, अहो! नोटीस!"

"वकीलसाहेब, हा डबा कोणी उघडला होता?"

"मीच की. आयुधपूजा नको का करायला? आत केवढी धूळ होती! सगळं सुटं केलं, मऊ कापडानं पुसलं, एकेकाला कुंकू लावलं आणि परत जोडलं. एक स्क्रू उरला नाही, बघा." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, स्वतःचंच.

डबा उघडला. आत खरोखर लख्ख. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, दोघींना कुंकवाचं एकेक बोट. आणि वायरी उलट्यासुलट्या. पहिलीची दुसरीला, दुसरीची पहिलीला. नुसत्या दोन वायरी बदलल्या असत्या तर दोन मिनिटांत द्वारपाल परत उभा राहिला असता. मी डबा उघडलाच नाही. बाहेरचं कुंकू दिसलं आणि आतलं बघावं असं डोक्यात आलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं झालं. इथं तर चोरही नव्हता.

वकिलांना मी सांगितलं. वकील माणूस, तीन वाक्यांत सगळं कळलं. नोटीस विसरून ते खुर्चीवर बसले. "म्हणजे हिचं सगळं..." एवढंच बोलले.

मी दुकानात फोन लावला. आमचे मालक बसण्णा. माणूस वाईट नव्हता, धंद्यात मुरलेला होता.

"बसण्णा, मोठा घोटाळा झालाय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डिस्क क्रॅश झाली म्हणून सांग."

"पण डिस्क चांगली आहे हो."

"तुला माहीत, मला माहीत. गिऱ्हाइकाला कुठं माहीत? डिस्क क्रॅश म्हटलं की कुणी भांडत नाही. देवाची करणी समजतात. उद्या तिथं तू चुकलास म्हणून बोर्ड लावणार आहेस का दुकानावर?"

फोन ठेवला. वकिलांनी पलीकडचं सगळं ऐकलं होतं. ते माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. पण आमचं ठरलं. शब्द न बोलता ठरलं. त्यांनाही क्रॅशच सोयीची होती.

मॅडम धारवाडला गाइडना भेटायला गेल्या होत्या. चारच्या सुमाराला आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "सर म्हणाले, डिसेंबरच्या आत द्या, ही शेवटची मुदत. दोनच रन राहिलेत, होतंय बघा." मग आम्हा दोघांची तोंडं बघितली. "काय झालं?"

"डिस्क क्रॅश झाली गं," वकील म्हणाले.

"कुठली?"

"तुमची," मी म्हणालो.

मॅडम येऊन मशीनसमोर वाकल्या. डब्यात बघितलं. "क्रॅश झाली म्हणजे? फिरत नाही? आवाज येतो? बायोसमध्ये दिसते का?"

फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला काय फसवणार? तोंडी परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटला मला. "दिसते," मी म्हणालो. "मॅडम, डिस्क चांगली आहे. वायरी बदलल्या होत्या, आणि मी न बघता तुमच्या डिस्कवर विंडोज ओतलं."

त्या रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याकडे एकदाच बघितलं. मग मला विचारलं, "किती भागावर?"

"सुरुवातीचा दीड जीबी."

"फाइलींची यादी?"

"तिथंच होती."

"हं." त्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या प्रोग्रॅमचा एक रन दहा-बारा दिवस चालायचा. असे एकवीस झाले होते. एकेक फाइल दोनशे एमबीची, फ्लॉपीवर कशी मावणार? आणि सीडी लिहायचं मशीन तेव्हा आमच्या दुकानातसुद्धा नव्हतं. थिसिसचं टायपिंग तेवढं फ्लॉपीत होतं. म्हणजे शब्द होते, आकडे गेले.

डिस्क मी घरी घेऊन गेलो. तीन आठवडे, दुकान सांभाळून, पुस्तकं वाचून, ओळखीच्यांना फोन करून करून, जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. यादी पुसली गेली तरी फाइली डिस्कवर विखुरलेल्या असतात. तुकडे सापडतात, पण नावं नसतात. हजारो तुकडे निघाले, प्रत्येकाला नुसता नंबर. त्यातले मॅडमचे कोणते ते आकड्यांच्या ठेवणीवरून ओळखायचे. रोज वाटायचं, आज जमेल. रात्री जेवणाचं ताट शेजारी तसंच निवत राहायचं. बायको म्हणाली, एवढं काय, माणूस मेलंय का? मी तिच्यावर वसकन ओरडलो. तिचं काही चुकलं नव्हतं.

एकवीसमधले सहा रन पुरे निघाले. चार अर्धेमुर्धे. मी ते घेऊन गेलो. मॅडमनी एकेक उघडून बघितला, शांतपणे, वहीत लिहीत.

"सहांवर काही होईल ना हो?" मी विचारलं. उगाचच, आशेनं.

"अर्ध्या उत्तरपत्रिकेला मी मार्क देते," त्या म्हणाल्या. "अर्ध्या थिसिसला कोण देतं?"

तरी त्यांनी परत रन लावले. दिवसाचे सहा सहा तास लाइट जायची. डिसेंबर आला तेव्हा सापडलेले सहा धरून नऊ झाले होते. गाइडनी मुदतीसाठी पत्र दिलं, पण वर विद्यापीठात कुणी मानलं नाही. नाव रद्द झालं. हे मला वकिलांनी रस्त्यात भेटल्यावर सांगितलं. सांगताना ते माझ्या खांद्यामागं कुठंतरी बघत होते.

जानेवारीत मॅडमचा दुकानात फोन आला. मलाच मागितलं होतं. "एकदा येऊन जा. लिनक्स काढून टाकायचंय."

"काढून?"

"हो. मुलाला जागा पुरत नाही. आख्खी डिस्क विंडोजला द्या."

गेलो. यावेळी आधी डबा उघडला. वायरी बघितल्या, डिस्कवरचे नंबर वहीतल्या नंबरांशी दोनदा ताडून बघितले. मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "मॅडम, ते सहा... आणि नवे झालेले... कुठं दुसरीकडे ठेवू का? आता सीडी लिहिता येते दुकानात."

"नको."

"नुसतं ठेवायला. राहू देत की."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "पुसा."

मी पुसलं. मोजून चार सेकंद लागले. द्वारपालही काढून टाकला, आता त्यानं विचारायचं काय होतं?

त्यानंतर त्या घरून बूटच्या तक्रारीचा फोन कधी आला नाही. एकच सिस्टिम असली की मशीन सहसा अडत नाही. सरळ सुरू होतं.