बसलेल्या पाखरावर बार नाही

सुभेदारांनी डावा हात वर केला की नगरहून आलेले वकीलसाहेबसुद्धा चिखलात पालथे पडत. त्यांच्यामागे डॉक्टर, डॉक्टरांमागे साखर कारखान्यातले एक साहेब आणि सगळ्यात शेवटी मी, कर्जत तालुक्यातल्या त्या गावचा नवा शाळामास्तर. सुभेदार तेवढे उकिडवे बसून तलावाकडे बघत राहायचे. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती; पण हिवाळ्यात बदकं उतरली की त्यांच्या हाताखाली पुन्हा पलटण येई. "वकीलसाहेब, बूड खाली," मागे न वळता ते म्हणत. "पाखरांना तुमची वकिली कळत न्हाई, पन बूड लगीच दिसतं."

त्यांचा कायदा एकच होता. बसलेल्या पाखरावर बार नाही. पाखरू उठलं पाहिजे, त्याला पळायला आभाळ मिळालं पाहिजे, मग बंदूक. एकदा डॉक्टरांनी घाई केली आणि पाण्यावर बसलेलं एक हळदीकुंकू जागीच टिपलं. या बदकाच्या चोचीवर पिवळा आणि तांबडा रंग असतो, म्हणून आमच्याकडे त्याला हे नाव. सुभेदारांनी डॉक्टरांच्या हातातली दुनळी बंदूक काढून घेतली आणि पाण्याकडे बोट केलं. डॉक्टर मांडीभर पाण्यात शिरून बदक घेऊन आले. "आता घरला जावा," सुभेदार म्हणाले. "बसल्या जागी मारायचं तर बाजारातनं कोंबडी आणावी. भिजायला तरी लागत न्हाई." पुढच्या रविवारी डॉक्टर पुन्हा हजर होते. सुभेदारांचं बोलणं कुणी मनाला लावून घेत नसे.

तलावाच्या एका कोपऱ्यात, बाभळींच्या खाली, बंदूक न्यायचीच नाही असाही रिवाज होता. तो त्यांच्या वडिलांपासूनचा. त्या कोपऱ्याला ते 'माहेर' म्हणत. पहिला बार झाला की सगळे थवे उठायचे, एक फेरी मारायचे आणि माहेरात जाऊन बसायचे. तिथे गेलं की आपल्याला कुणी काही करत नाही, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. शिकार आटोपली की सुभेदार त्याच बाभळीखाली तंबाखू मळत बसायचे, आणि बदकं त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर पोहत राहायची. मगाशी बार काढणारा माणूस तो हाच, हे त्यांना कळत नसेल का, असं मी एकदा विचारलं. "कळतंय की," ते म्हणाले. "पन माहेरात बाप रागीट आसला तरी पोरी येत्यातच न्हवं?"

मग एका हिवाळ्यात बदकं कमी उतरली. सुभेदार रोज बांधावर जाऊन बघत आणि परत येत. शेवटी त्यांनी नगरच्या मंडळींना चहा पाजून सांगितलं, "औंदा बार न्हाई. सगळा तलावच माहेर."

"सुभेदार, माळ घातली की काय?" वकीलसाहेब हसले.

"न्हाई. पाव्हनं कमी आल्यात. आल्यात तेवढी सुखानं ऱ्हाऊ द्या."

मंडळींनी ऐकलं. तो हिवाळा फार सुंदर गेला. बदकं इतकी निर्धास्त झाली की धुणं धुणाऱ्या बायकांच्या पायांशी येऊ लागली. सुभेदारांनी मला मुद्दाम नेऊन दाखवलं. त्यांनी बंदूक खांद्यावरून काढली, पाण्याच्या दिशेने धरली. एकही पाखरू हललं नाही. "बघा मास्तर, भीतच न्हाईत आता," ते लहान मुलासारखे हसले. मीही हसलो. आपण केवढी मोठी चूक करून बसलो आहोत, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आला नाही. तो बाहत्तरचा दुष्काळ. गुरं छावणीत गेली, माणसं खडी फोडायला गेली. तलाव आटत आटत मध्यात एक डबकं उरलं. आसपासचं सगळं पाणी संपलेलं, त्यामुळे लांबलांबची बदकं त्या डबक्यावर येऊन दाटीनं बसली. आणि एका रविवारी एक जीप आली. त्यातली माणसं आमच्या ओळखीची नव्हती. त्यांनी जीपमधूनच बसलेल्या बदकांवर बार काढले.

सुभेदार धावत गेले. त्यांनी डावा हात वर केला. त्यांचं कुणी ऐकलं नाही. "आजोबा, बाजूला व्हा, छर्रा लागेल," एक पोरगा चांगुलपणानं म्हणाला. बारासरशी बदकं उठली आणि सवयीनं बाभळीखाली जाऊन बसली. तिथे आता पाणी नव्हतं, झुडूप नव्हतं, नुसती भेगाळलेली जमीन होती. माणसं चालत गेली आणि त्यांनी ती तिथे मारली. मी सुभेदारांच्या शेजारी उभा होतो.

ती जीप थांबवा म्हणून आम्ही तालुक्याला जाऊन तहसीलदारसाहेबांना भेटलो. साहेब वाईट नव्हते. डोळे तांबारलेले, टेबलावर टँकरच्या मागणीचे कागद. "सुभेदार, माणसांना पाणी नाही हो," ते म्हणाले. आम्ही आल्या पावली परत फिरलो.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदार सकाळी डबक्यावर जाऊन आभाळात बार काढू लागले. "रंगरुटांना उभं ऱ्हायला शिकवलं, हितं पळायला शिकवायचंय," ते म्हणाले. खडीवर निघालेली एक बाई थांबली. "सुभेदार, पाखरांपायी बंदूक उडवताय, येकदा टँकरसाठी पन उडवा की!" बाया हसल्या. सुभेदारही कसनुसे हसले. बदकं उठायची, एक फेरी मारायची आणि परत त्यांच्याचसमोर उतरायची. त्यांचा या माणसावर विश्वास होता. सुभेदारांनी बांधावरून खडे मारले, पंचा फिरवला, शिव्या दिल्या. ती थोडी पलीकडे सरकायची, एवढंच.

शनिवारी ते शाळेच्या दारात आले. "चला मास्तर. येकट्यानं व्हायचं न्हाई."

डबक्यापाशी ते उकिडवे बसले. सगळ्यात जवळचं हळदीकुंकू काठावर पंख साफ करत होतं. त्यांनी नेम धरला. मी "सुभेदार" एवढंच म्हणालो. "उद्या आयतवार, ती जीप येनार," ते म्हणाले आणि बसलेल्या पाखरावर बार काढला. मग उठून दुसरा, तिसरा, पाण्यात शिरून ओरडत चौथा. सगळे थवे उठले. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि ते पूर्वेकडे गेले. आम्ही मान वर करून उभे राहिलो. या वेळी ते परत आले नाहीत.

"तिकडं पानी आसंल का हो मास्तर? तुमच्या शाळेत नकाशा हाय."

नकाशातलं निळं तेव्हा सगळीकडे वाळलेलं होतं. "असेल," मी म्हणालो.

जीप आली आणि मोकळी परत गेली. मारलेली पाखरं सुभेदारांच्या घरी रांधली. ते जेवले नाहीत. मी जेवलो. मला भूक होती, आणि ते कालवण चांगलं झालं होतं, हेही मला आठवतं. ती बदकं कुठे उतरली, उतरली की नाही, हे मला अजून माहीत नाही.

पुढच्या वर्षी तलाव भरला. हिवाळ्यात बदकं आली. थोडी होती, पण आली. आम्ही दोघे बांधावर चढलो. सुभेदारांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. त्यांचं डोकं बांधावर दिसताच अख्खा थवा फडफडत उठला आणि पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला.

"शिकली," सुभेदार म्हणाले. मग त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही खाली उतरलो.

पुढे माझी बदली सोनईला झाली. त्यांच्या शेवटच्या आजारात भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या सूनबाई सांगत होत्या, मामंजी त्यानंतर मळ्यात जाताना बांधावरून कधीच गेले नाहीत. हिवाळाभर खालच्या ओढ्यातून लांबचा वळसा घेत. पाखरं बसलेली असतात, म्हणत.